उतारशाळेच्या मालकाला नाटकातून काढायचं का?

पत्र

सप्रेम नमस्कार.

आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये नाताळचं नाटक बसवायचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. संहिता जुनीच, माझ्या आधीच्या बाईंनी लिहिलेली. यंदा मदतीला विशीतला एक मुलगा आला. हुशार आहे, वाचन चांगलं आहे. त्याने संहिता घरी नेली आणि लाल पेनाने खुणा करून परत आणली. तीन राजे: चूक. गाढव: चूक. उतारशाळेचा (प्रवाशांच्या धर्मशाळेचा) मालक: चूक. गोठ्यातली जनावरं: चूक. गाणारे देवदूत: चूक. मेंढपाळांच्या डोक्यावरचा तारा: चूक. २५ डिसेंबर: मूर्तिपूजकांकडून चोरलेला दिवस. खाली लिहिलंय, ‘आपण मुलांना पवित्र शास्त्र (बायबल) शिकवतो की परीकथा?’ एवढ्यावर न थांबता त्याने त्या पानांचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले.

आता निम्मे पालक त्याच्यावर चिडलेत, निम्मे माझ्यावर. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, श्रद्धेच्या गोष्टीत चिकित्सा कशाला? मालकाचं काम एका आठ वर्षांच्या मुलाला दिलंय. त्याला एकच वाक्य आहे, ‘जागा नाही!’ आणि ते तो दिवसभर घरात म्हणत फिरतो. त्याला काय सांगू?

मी स्वतः शास्त्र उघडून बसले. खरंच गाढव सापडेना. मग इतकी वर्षं मी मुलांना खोटं शिकवलं का?

— एक संडे स्कूल शिक्षिका

उत्तर

नमस्कार ताई,

गाढव सापडणार नाही, कारण ते तिथे नाहीच. नासरेथहून बेथलेहेमला जायचं म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटरची वाट, आणि येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी (मत्तय, मार्क, लूक, योहान) एकाचा लेखक लूक ती एका वाक्यात उरकतो. योसेफ आणि गरोदर मरीया कशावर बसून गेले, की चालत गेले, याबद्दल तो अक्षरही लिहीत नाही. मरीयेला गाढवावर बसवलं ते दुसऱ्या शतकातल्या एका लिखाणाने. ते याकोबाच्या नावावर खपायचं, पण पवित्र शास्त्रात त्याचा समावेश कधीच झाला नाही. योसेफ म्हातारा, विधुर, पहिल्या लग्नाची मुलं असलेला होता, हेही तिथूनच आलं. तुमच्या नाटकात योसेफाला पांढरी दाढी लावत असाल तर तिचा धागा त्या लिखाणापर्यंत जातो.

तेव्हा खोटं शिकवलं वगैरे मनात आणू नका. अठराशे वर्षांहून जुनी कथा तुमच्यापर्यंत आली, तुम्ही ती पुढे दिली. शास्त्रात काय आहे आणि नंतर त्यात कशाची भर पडली, हे मुलांना वेगळं करून सांगितलं नाही, एवढंच काय ते राहिलं. ते यंदा करता येईल.

त्यासाठी आधी घरी एक करून बघा. दोन कोरे कागद घ्या. एकावर मत्तयाचे पहिले दोन अध्याय वाचून फक्त घटना लिहा, दुसऱ्यावर लूकचे पहिले दोन. मार्क आणि योहान लागणार नाहीत. मार्क थेट यार्देन नदीकाठच्या मोठ्या येशूपासून सुरुवात करतो आणि योहानात जन्मकथा नाही. नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतही येशू ‘स्त्रीपासून जन्मला’ यापलीकडे जन्माचा तपशील नाही.

मत्तयाच्या कागदावर येईल: योसेफाचं स्वप्न, पूर्वेकडचे मागी (आपल्या नाटकातले ‘तीन राजे’), तारा, राजा हेरोद, मिसरला (इजिप्तला) पलायन, बालकांची कत्तल, मग हेरोदाच्या मुलाच्या, अर्खेलावाच्या धास्तीने नासरेथला मुक्काम. त्या कागदावर मेंढपाळ नाहीत, गव्हाणी नाही, नावनोंदणी नाही. इतकंच काय, नासरेथहून बेथलेहेमपर्यंतचा प्रवासही नाही. मत्तय वाचताना वाटतं की हे जोडपं बेथलेहेमचंच रहिवासी आहे.

लूकच्या कागदावर: जखऱ्या आणि अलीशिबा, मरीयेकडे आलेला देवदूत गब्रीएल, रोमन सम्राट कैसर औगुस्ताचं नावनोंदणीचं फर्मान, गव्हाणी, मेंढपाळ, आठव्या दिवशीची सुंता, मंदिरातले शिमोन आणि हन्ना, आणि मग सरळ नासरेथला परत. इथे तारा नाही, मागी नाहीत, मिसर नाही.

दोन्हीकडे सारखं काय उरतं? मरीया आणि योसेफ, पवित्र आत्म्याने झालेली गर्भधारणा, दाविदाचं घराणं, हेरोदाचा काळ, बेथलेहेममध्ये जन्म, नासरेथमध्ये वाढणं. आपल्या नाटकांत आणि देखाव्यांत या दोन्ही कागदांवरची माणसं एकाच रात्री एकाच छपराखाली उभी असतात. लाल पेनाच्या काही खुणा या एका गोष्टीतून निघाल्या आहेत, आणि तेवढ्यापुरता तो मुलगा बरोबर आहे.

मागी त्या रात्री आलेच नसणार, हे शास्त्र वाचूनच कळतं. मत्तय म्हणतो, ते घरात गेले आणि त्यांनी आईजवळ बालकाला पाहिलं. पुढे हेरोद मारायला सांगतो ती दोन वर्षांची आणि त्याखालची मुलं, आणि ही मर्यादा त्याने मागी लोकांना तारा कधी दिसला ते विचारून ठरवलेली असते. पण मला याहून बोलका वाटतो तो लूकमधला एक बारका तपशील. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर मरीया आणि योसेफ त्याला यरुशलेमच्या मंदिरात नेतात आणि होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिलं अर्पण करायची असं तिथे येतं. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. बाळंतिणीने शुद्धीसाठी एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी आणावा. ऐपत नसेल तर दोन पक्षी चालतील. म्हणजे हे जोडपं गरिबांसाठीची सवलत घेतंय. जन्माच्याच रात्री कोणी सोनं पायाशी ठेवून गेलं असतं, तर चाळीस दिवसांनी कोकराला पैसे का नसावेत? माझ्या मते मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. दहा-अकरा वर्षांची मुलं असल्या तपासात फार रमतात.

मात्र ‘मागी बरोबर दोन वर्षांनी आले’ असंही कोणी छातीठोकपणे सांगू लागलं तर मान डोलवू नका. दोन वर्षं ही एका संशयी राजाने हातचं राखून ठेवलेली कमाल मर्यादा आहे.

ते तीन होते हेही कुठे लिहिलेलं नाही. भेटी तीन: सोनं, ऊद, गंधरस. त्यावरून माणसं तीन धरली. रोमच्या भुयारी दफनस्थळांतल्या जुन्या चित्रांत कुठे दोन मागी दिसतात, कुठे चार. सिरियाकडच्या परंपरेत ते बारा आहेत. राजे म्हणून मत्तय त्यांची ओळख कधीच करून देत नाही. ते आकाश वाचणारे पूर्वेकडचे जाणते लोक. त्यांच्या डोक्यावर मुकुट आले ते जुन्या करारामुळे. बहात्तराव्या स्तोत्रात राजे भेटी घेऊन येतात, यशयाच्या साठाव्या अध्यायात उजेडाकडे येणारे राजे आहेत, सोनं आणि ऊद आहे, आणि उंटसुद्धा आहेत. वाचणाऱ्यांनी ते मत्तयाला जोडलं. गॅस्पर, मेल्कियोर, बाल्थझार ही नावं इटलीत रॅव्हेना इथल्या सहाव्या शतकातल्या मोझेइकवर दिसतात. त्यामुळे तुमच्याकडे पाच मुलांना मागी व्हायचं असेल तर पाच घ्या. शास्त्राची काही हरकत नाही. तीनच भेटी पाचांत कशा वाटायच्या, हे तुम्ही बघा.

आता उतारशाळा. इथे शब्दात थोडं शिरावं लागेल, कारण मालकाचं अख्खं पात्र त्या एका शब्दावर उभं आहे. लूकने मूळ ग्रीकमध्ये वापरलेला तो शब्द त्याच्याच शुभवर्तमानात पुन्हा येतो तो शेवटच्या भोजनाच्या वेळी, आणि तिथे अर्थ होतो घरातली पाहुण्यांची खोली. उलट येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, जिथे मुक्कामाचं ठिकाण आहे, ते चालवणारा माणूस आहे आणि त्याच्या हातावर दोन दिनार ठेवले जातात, तिथे लूकने दुसराच शब्द घातलाय. म्हणून आज अनेक अभ्यासक चित्र असं रंगवतात: योसेफ आपल्या मूळ गावी एखाद्या नातलगाकडे उतरला, पाहुण्यांची खोली आधीच भरलेली, म्हणून घरच्यांनी त्यांना आपल्याच राहत्या जागेत घेतलं. त्या काळच्या बऱ्याच घरांत रात्री जनावरं आतच, जरा खालच्या भागात बांधत, आणि गव्हाणी तिथेच असे. दारोदार फिरणं, तोंडावर दार आपटणं, त्यातच कळा सुरू होणं, यातलं काही लूकमध्ये नाही. तो म्हणतो, ते तिथे असताना तिचे दिवस भरले. म्हणजे पोहोचून काही दिवस झालेलेही असू शकतात.

हे चित्र मला पटतं, पण ते सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘मुक्कामाची जागा’ असाही होतो. शिवाय दुसरी एक फार जुनी परंपरा गुहा सांगते. दुसऱ्या शतकात जस्टिन हा ख्रिस्ती लेखक ती लिहितो, तिसऱ्या शतकात ओरिगन हा दुसरा ख्रिस्ती लेखक म्हणतो की बेथलेहेममध्ये लोक ती गुहा दाखवतात, आणि चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळी तिच्यावर बांधलेल्या चर्चच्या जागीच आजचं जन्मस्थानाचं चर्च उभं आहे. घर, गोठा की गुहा, यावर पैज लावू नका. गव्हाणी मात्र पक्की.

तुमच्या आठ वर्षांच्या नटाला काढू नका. त्याला बढती द्या. तो आता त्या घरचा कर्ता. त्याचं पाठ झालेलं वाक्य तसंच राहू द्या, पुढे दोन जोडा: ‘जागा नाही! पाहुण्यांची खोली भरलीय. पण आमच्यातच या, आत या.’ शास्त्राला धरून आहे, आणि त्याला एकाऐवजी तीन वाक्यं मिळाली म्हणून तो खूशच होईल. त्याच्या आईने तो जुना मालकाचा पोशाख आधीच शिवला असेल तर तोही चालेल.

गोठ्यातल्या बैल-गाढवाबद्दल त्या मुलाशी वाद घालू नका, तो बरोबर आहे. जन्मकथेत एकाही जनावराचा उल्लेख नाही. कळप आहेत ते रानात, मेंढपाळांकडे. बैल आणि गाढव आले यशयाच्या पहिल्या अध्यायातून, ‘बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखतं’ अशा अर्थाच्या वचनातून. चौथ्या शतकातल्या काही कोरीव शवपेट्यांवर तर फक्त बाळ, बैल आणि गाढव दिसतात, मरीया-योसेफसुद्धा नाहीत! पुढे १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी गवत, गव्हाणी आणि खरे बैल-गाढव आणून नाताळ साजरा केला आणि देखाव्यांची प्रथा फोफावली. पण गव्हाणी आहे तिथे जनावर असणं काही आक्रीत नाही. ज्या लहानग्यांना बोलता येत नाही त्यांना शेपट्या लावून बसवायची सोय मी तरी सोडणार नाही.

देवदूतांच्या मुद्द्यावर मात्र त्या मुलाला सांगा की बाबा, हे अती झालं. लूक म्हणतो, स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय देवाची स्तुती करत ‘म्हणाला’. गायला असं लिहिलेलं नाही, कबूल. पंखांचाही उल्लेख नाही. पण स्तुती म्हटली की गाणं आलंच, हे स्तोत्रसंहिता वाचणाऱ्याला सांगावं लागू नये. गाऊ द्या मुलांना. ताऱ्याचं तो बरोबर बोलतो: मेंढपाळांना खूण सांगितली ती गव्हाणीतल्या, बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळाची, तारा दिसला मागी लोकांना. पुठ्ठ्याचा तारा दुसऱ्या अंकात टांगा, झालं.

२५ डिसेंबरवर तो सगळ्यात जोरात बोललाय आणि तिथेच सगळ्यात कच्चा आहे. शास्त्रात तारीख नाही, इथवर ठीक. सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट लोकांनी मांडलेल्या निरनिराळ्या तारखा सांगतो, त्यात एक मे महिन्यात पडते. २५ डिसेंबर त्यात नाही. ही तारीख स्पष्ट दिसते ती ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात, आणि त्यातली यादी ३३६ च्या आसपासची मानतात. ‘अजिंक्य सूर्य’ या रोमन देवाचा उत्सव त्याच दिवशी असल्याची नोंद कुठे मिळते? त्याच पंचांगात. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्यदेवाचं मंदिर उभारलं हे खरं, पण कोणी कोणाची तारीख उचलली हे त्यावरून ठरत नाही. दुसरी उपपत्ती अशी की गर्भधारणा आणि क्रूसावरचं मरण एकाच तारखेला धरायची त्या काळी समजूत होती. ती तारीख पश्चिमेकडे २५ मार्च; त्यात नऊ महिने मिळवा. पूर्वेकडे ती ६ एप्रिल धरली की ६ जानेवारी येते, आणि आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव ६ जानेवारीलाच करतं. ज्या सॅटर्नेलिया या रोमन सणाचं नाव या वादात हमखास निघतं तो सण १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या सुमारास संपायचा. ‘चोरलेला दिवस’ हा शब्द त्याला मागे घ्यायला सांगा. मेंढपाळ रात्री रानात होते म्हणजे थंडी नव्हती, हा युक्तिवादही पुढे येईल. त्यावरून महिना ठरवता येत नाही.

आणि गंमत बघा, या कथेतली सगळ्यात अवघड जागा त्याच्या लाल खुणांत कुठेच नाही. मत्तय आणि लूक दोघेही हेरोद राजाचा काळ सांगतात. हा हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे येशूचा जन्म त्याआधीचा. सनाची मोजणी सहाव्या शतकात डायोनिसियस एक्झिगस या साधूने केली आणि ती काही वर्षांनी हुकली. पण लूक नावनोंदणी जोडतो ती क्विरीनिय सूरियाचा (सिरियाचा) रोमन सुभेदार असतानाच्या काळाशी, आणि इतिहासकार जोसेफसच्या मते क्विरीनियने यहूदियात शिरगणती केली ती अर्खेलावाला पदच्युत केल्यावर, इसवी सन ६ मध्ये. मध्ये नऊ-दहा वर्षांची फट आहे. कोणी म्हणतं, ही आधीची दुसरी नोंदणी. कोणी वाक्याचा अर्थ ‘क्विरीनियच्या आधीची’ असा लावतं. बहुतेक इतिहासकारांच्या मते लूककडून काळाची गल्लत झाली. हे मुलांच्या नाटकात आणायचं कारण नाही. पण प्रौढांच्या शास्त्राभ्यासाला हा विषय त्या मुलालाच मांडायला द्या. सगळ्या बाजू वाचून दहा मिनिटं बोलायचं म्हटलं की आवाज आपोआप खाली येतो, आणि त्याचा अभ्यासही होईल.

ज्येष्ठांना ‘चिकित्सा नको’ असं वाटतंय, त्यांच्यापुढे ग्रीक शब्द आणि सनावळ्या घेऊन जाऊ नका. त्यांच्याबरोबर दोन्ही शुभवर्तमानांचे ते चार अध्याय मोठ्याने वाचा, एका बैठकीत. शास्त्र वाचायला त्यांची ना नसणार. मागी घरात शिरतात तिथे कोणीतरी थांबेल, बघाच.

त्या मुलाशी एकट्याने बोला. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तुम्हाला सांगायला हवं होतं, हे स्पष्ट शब्दांत सांगा. त्यात मऊपणा नको. आणि लगेच काम द्या: संहितेचे दोन अंक करून आण. पहिला लूकचा, दुसरा मत्तयाचा. मधे निवेदकाने एवढंच म्हणायचं, ‘लूकने इथवर सांगितलं. आता मत्तय काय सांगतो ते पाहू. काही काळ गेला आहे, बाळ आता घरात आहे.’ कत्तलीचा प्रसंग लहानांपुढे नको. योसेफाचं स्वप्न आणि रात्रीतून मिसरला निघणं पुरेसं आहे.

ग्रुपवर वादाला उत्तरं देत बसू नका. एकच निरोप टाका: ‘यंदाचं नाटक लूक आणि मत्तय यांच्या क्रमाने दोन अंकांत होईल. सगळ्या मुलांची कामं कायम आहेत. परंपरेने आलेल्या गोष्टी आपण परंपरा म्हणून ठेवतो आहोत. नाटकाआधी घरी मुलांसोबत लूक १-२ आणि मत्तय १-२ वाचावेत.’ ‘कामं कायम आहेत’ हे वाचलं की निम्मे नाराज पालक तिथेच गप्प होतील, हा माझा अंदाज.

निरोप टाकण्याआधी नवी संहिता पाळकांना दाखवून घ्या. आणि नाटक आठवड्यावर आलं असेल तर यंदा फक्त दोन बदल करा, निवेदकाची वाक्यं आणि घरच्या कर्त्याची. बाकीचं पुढच्या वर्षी. शेवटच्या आठवड्यात लहान मुलांची पाठांतरं बदलली की रंगमंचावर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.